मोतीबिंदू निघाला, डोळा शांत कधी होणार?

मोतीबिंदूवरची प्रश्नोत्तरं मागच्या अंकात छापल्यावर आलेल्या पत्रांत एक गठ्ठा वेगळा निघाला. या वाचकांना मोतीबिंदू होता, पण त्याआधी कित्येक वर्षं युव्हीआयटिस होता, म्हणजे डोळ्याच्या आत पुन्हा पुन्हा येणारी सूज. शेजारच्या काकू ऑपरेशननंतर आठवड्याभरात तांदूळ निवडायला बसल्या, आपले मात्र दोन महिने झाले तरी थेंब सुटत नाहीत, अशी जवळपास प्रत्येकाची तक्रार आहे. हे डोळे वेगळे असतात आणि त्यांचे नियमही वेगळे, म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

आधी ओळख. बाहुलीभोवतीचा रंगीत भाग म्हणजे आयरिस, त्याच्या मागे डोळ्यातलं पाणी तयार करणारी सिलिअरी बॉडी आणि पडद्याखालचा (पडदा म्हणजे डोळ्याच्या मागचा, प्रतिमा टिपणारा थर) रक्तवाहिन्यांचा थर म्हणजे कोरॉइड. या तिघांना मिळून युव्हिया म्हणतात. त्यांना सूज आली की युव्हीआयटिस. डोळे येणं हा पूर्ण वेगळा प्रकार, पण लाल डोळा पाहून अनेकजण दोन्ही एकच समजतात आणि दुकानातून थेंब आणून आठवडे घालवतात. सूज आणि ती उतरवायला लागणारं स्टिरॉइड, दोन्हींमुळे मोतीबिंदू होतो. म्हणूनच या रुग्णांना तो तिशी-चाळिशीतही गाठतो.

प्रश्न : वय ४७. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात आहे, उजव्या डोळ्याला आतापर्यंत सात-आठ वेळा सूज आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे छान दिसत होतं, तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचता यायची. आता सहावा आठवडा आहे. मधोमध धुरकट दिसतं, दाराची चौकट वाकडी दिसते. डोळा लाल नाही, दुखतही नाही. टॉर्चनं बघून ‘सगळं ठीक’ सांगितलं. भिंग खराब निघालं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : भिंगावर संशय घेण्याआधी पडदा तपासून घ्या. सुरुवातीला चांगलं दिसणं, मग चौथ्या ते सहाव्या आठवड्यात मधला भाग धूसर होणं, सरळ रेषा वाकणं आणि डोळा बाहेरून स्वच्छ असणं, ही लक्षणं एकत्र आली की पहिला संशय मॅक्युलाच्या सुजेचा. मॅक्युला म्हणजे पडद्याचा बरोबर मधला, वाचायला लागणारा भाग. ऑपरेशनमुळे डोळ्यात दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात, ती मागे पोचतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि पडद्याच्या थरांत पाण्याच्या पुटकुळ्या साठतात. निरोगी डोळ्यातही शंभरात एक-दोघांना नजर उतरण्याइतकी ही सूज येते. युव्हीआयटिसच्या डोळ्यात रक्तवाहिन्यांच्या भिंती आधीच कमकुवत झालेल्या असतात, त्यामुळे धोका कितीतरी जास्त. पूर्वी एकदा मॅक्युला सुजला असेल तर त्याहून जास्त.

टॉर्चनं हे दिसत नाही. ‘बाहेरून ठीक’ या शेऱ्याला इथे काहीच अर्थ नाही. बाहुली मोठी करून पडदा पाहायला हवा आणि ओसीटी काढायला हवं. ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद दाखवणारा फोटो; सुई नाही, एक्स-रे नाही, पाच मिनिटांचं काम. मधल्या भागाची जाडी साधारण २५० ते २८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, यंत्रागणिक थोडा फरक पडतो. ती ४०० च्या पुढे गेली आणि मध्ये काळ्या पोकळ्या दिसल्या की निदान झालं. ऑपरेशनपूर्वीचा ओसीटी काढलेला असेल तर तो सोबत न्या. सूज नवी की जुनी, हे त्यावरूनच ठरतं.

उपचार पायरीपायरीनं होतात. पहिली पायरी थेंबांची. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का हे स्टिरॉइड आणि त्याच्या जोडीला नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक किंवा केटोरोलॅक यांपैकी एक स्टिरॉइडविरहित थेंब. चार आठवड्यांनी पुन्हा ओसीटी. इथे एक इशारा देऊन ठेवतो : डोळे फार कोरडे असतील किंवा सांध्यांचा आमवात असेल, तर हे दुसऱ्या प्रकारचे थेंब महिनोन्महिने आपल्या मनानं चालू ठेवू नका. अशा डोळ्यात कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, विरघळल्यासारखी पातळ होऊ शकते. क्वचितच होतं, पण झालं की सहज निस्तरत नाही.

थेंबांनी भागलं नाही तर डोळ्याच्या बाजूला ट्रायॲमसिनोलोन ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, किंवा डोळ्याच्या आत डेक्सामेथासोनची ०.७ मिलिग्रॅमची बारीक कांडी. ती तीन-चार महिने हळूहळू विरघळत औषध सोडते. बाजूला द्यायचं की आत, यावर डॉक्टरांत बरीच वर्षं मतभेद होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉइंट’ चाचणीत युव्हीआयटिसमुळे मॅक्युला सुजलेल्या १९२ रुग्णांवर तुलना झाली. डोळ्याच्या आत दिलेल्या औषधानं सूज जास्त उतरली. डोळ्याचं प्रेशर वाढण्याचा धोका मात्र आतल्या औषधाला थोडा जास्त. म्हणजे काचबिंदू असलेल्याला सरसकट आतलं इंजेक्शन सुचवता येत नाही.

तुमच्या बाबतीत अजून फार वेळ गेलेला नाही. सूज नवी असताना उतरली की नजर बहुधा परत येते. वर्षभर तशीच राहिली तर पडद्याच्या पेशी झिजतात, आणि मग ओसीटी सपाट झाला तरी अक्षरं उमटत नाहीत.

प्रश्न : आईचं वय ६२. मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, पण डॉक्टर म्हणतात डोळा तीन महिने शांत राहिल्याशिवाय हात लावणार नाही. गावातल्या शिबिरात तर दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी पाठवतात. एवढं थांबणं खरंच गरजेचं आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : गरजेचं आहे, आणि तुमचे डॉक्टर योग्य तेच करत आहेत. शांत डोळा हा शब्द ऐकायला मोघम वाटतो, पण त्याची मोजणी असते. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या दुर्बिणीवर, एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद असा प्रकाशाचा झोत डोळ्यातल्या पाण्यातून टाकतात आणि त्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार एकही पेशी दिसली नाही तर शून्य, १ ते ५ पेशी म्हणजे अर्धा, ६ ते १५ म्हणजे एक, १६ ते २५ म्हणजे दोन, २६ ते ५० म्हणजे तीन आणि त्यापुढे चार. तीन महिने हा आकडा शून्यावर हवा. त्या काळात चालू असलेली औषधं चालू राहिली तर हरकत नाही. सूज दबलेली असणं महत्त्वाचं.

घाई केली तर काय होतं? सुजलेल्या डोळ्यात चाकू लागला की पाण्यात फायब्रिन सुटतं, म्हणजे जाळ्यासारखा चिकट पदार्थ. तो आयरिसला नव्या भिंगाशी चिकटवतो, बाहुली आकसते, आणि मॅक्युलाच्या सुजेची शक्यता वाढते. ऑपरेशन उत्तम होऊनही डोळा आधीपेक्षा वाईट होतो.

हे तीन महिने रिकामे जात नाहीत. त्यात सुजेचं कारण शोधायचं : छातीचा फोटो किंवा सीटी, मँटू किंवा क्वांटिफेरॉनसारखी क्षयाची चाचणी, सिफिलिसची चाचणी, गरजेनुसार एचएलए-बी२७ (सांध्यांच्या आणि डोळ्याच्या सुजेशी जोडलेल्या जनुकाची रक्तचाचणी). ऑपरेशनच्या साधारण आठवडाभर आधी प्रेडनिसोलोनचे थेंब वाढवतात. मागच्या भागाला सूज होती किंवा मॅक्युला पूर्वी सुजला होता, तर तीन ते सात दिवस आधी तोंडानं प्रेडनिसोलोन सुरू करतात, वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम. ६० किलो वजनाला हे ३० ते ६० मिलिग्रॅम होतं. आईंना मधुमेह असेल तर साखर सकाळच्यापेक्षा दुपारनंतर जास्त चढेल, तेव्हा ग्लुकोमीटर घरात ठेवा. मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन यांसारख्या, प्रतिकारशक्ती दाबून सूज आवरणाऱ्या गोळ्या ऑपरेशनसाठी बंद करायच्या नसतात. हे सांगावं लागतं, कारण अनेक घरांत ‘ऑपरेशन आहे’ म्हणून सगळ्याच गोळ्या थांबवतात. नागीण किंवा हर्पिसमुळे सूज येत असेल तर असायक्लोव्हिरसारखी विषाणूविरोधी गोळी आधीपासून लागते. नाहीतर नंतरच्या स्टिरॉइडखाली विषाणू जागा होतो.

थांबायचं नाही अशी एक महत्त्वाची परिस्थिती आहे. अती पिकलेल्या किंवा फुटलेल्या भिंगातले पदार्थ झिरपून त्यामुळेच सूज आली असेल, तर भिंग काढणं हाच उपचार. आईंच्या डॉक्टरांना ‘सूज मोतीबिंदूमुळे की मोतीबिंदू सुजेमुळे’ हा एकच प्रश्न विचारा.

शिबिरांविषयी : साध्या मोतीबिंदूसाठी चांगली शिबिरं उपयोगी असतात. पण युव्हीआयटिसच्या रुग्णाला ऑपरेशननंतर तीन महिने तरी वारंवार तपासावं लागतं, आणि शिबिराचा मांडव तोवर उठलेला असतो.

प्रश्न : मला जागेपणी दर तासाला थेंब, नंतर हळूहळू कमी, असं एकूण तीन महिने लिहून दिलंय. माझ्या भावजयीला दिवसातून चारदा, एकच महिना होते. दोघींचं औषध तेच. महिन्याभरानं थांबवलं तर चालेल? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : चालणार नाही. भावजयीच्या डोळ्यात फक्त ऑपरेशनची जखम भरायची होती; तुमच्या डोळ्यात जुना निखारा राखेखाली आहे. स्टिरॉइड एकदम थांबवलं की सूज उसळून येते. पायऱ्या साधारण अशा असतात : पहिला आठवडा दर एक-दोन तासांनी, मग दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन, दोन, एक, आणि प्रत्येक पायरी एक ते दोन आठवडे. पण छापील तक्ता हा अंदाज असतो. पेशी शून्यावर असतील तरच पुढची पायरी, दिसल्या तर एक पायरी मागे. तारखेवरून थेंब कमी करू नका, तपासणीवरून करा.

आता थेंब टाकण्याविषयी, कारण ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या डोळ्यात औषध पोचलेलंच नसतं. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट हे विरघळलेलं औषध नाही, पाण्यात तरंगणारी पांढरी भुकटी आहे. बाटली उभी राहिली की ती तळाशी बसते. न हलवता टाकलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं आणि शेवटच्या दिवसांत तळचं घट्ट औषध. प्रत्येक वेळी दहा-पंधरा वेळा जोरानं हलवा. खालची पापणी ओढून खिशात एकच थेंब. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही, दुसरा गालावर ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबा. दोन वेगळ्या औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्या.

एक साधा हिशेब करून पाहा. ५ मिलीच्या बाटलीत शंभर ते सव्वाशे थेंब असतात. तासाला एक, म्हणजे दिवसाला सोळा थेंब धरले तर बाटली जेमतेम आठवडा पुरते. तुमची पहिलीच बाटली तीन आठवडे चालली असेल तर थेंब चुकताहेत. आठवड्याच्या आत, चौथ्या दिवशीच संपली असेल तर गालावर जाताहेत.

डायफ्लुप्रेडनेट नावाचं जास्त जोरकस औषध दिलं असेल तर निम्म्या वेळा पुरतं. त्यानं प्रेशर मात्र जास्त चढू शकतं. लोटेप्रेडनॉल सौम्य आहे, त्यानं प्रेशर कमी चढतं, पण जोरदार सूज त्याला आवरत नाही. दुकानदारानं ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून एकाच्या जागी दुसरं दिलं तर घेऊ नका. आधी नाव जुळवा.

प्रश्न : ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात प्रेशर ३२ निघालं. आधी कधीच नव्हतं. काचबिंदू झाला का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : अजून काचबिंदू म्हणू नका. डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ असतं. ते कोणत्या दिवशी वाढलं, यावरून कारणाचा माग लागतो. दुसऱ्याच दिवशी वाढलं तर ऑपरेशनमध्ये वापरलेला जेल आत राहिला असण्याची शक्यता, तो एक-दोन दिवसांत निघून जातो. दोन ते सहा आठवड्यांत वाढलं तर बहुधा स्टिरॉइडचा परिणाम. साधारण तिघांतल्या एकाला स्टिरॉइडच्या थेंबांनी कमी-जास्त प्रेशर चढतं. बाहुली सगळीकडून भिंगाला चिकटली तर पाणी मागेच अडतं, आयरिस पुढे फुगते आणि प्रेशर काही तासांत भडकतं. तेव्हा डोकं फुटेल इतकं दुखतं, उलट्या होतात, आणि लेझरनं आयरिसला वाट करून द्यावी लागते.

तुमचा तिसरा आठवडा आहे, म्हणजे संशय स्टिरॉइडवर. पण म्हणून स्टिरॉइड एका दिवसात बंद करू नका. सूज भडकली तर ती स्वतःच प्रेशर वाढवते. आधी टिमोलॉल किंवा डॉर्झोलामाइडसारखे थेंब जोडतात आणि स्टिरॉइड सौम्य करतात. दमा असेल तर टिमोलॉल टाळावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. बाहुली आवळणारं पायलोकार्पिन अशा डोळ्यात नको. लॅटानोप्रोस्टच्या गटातले थेंब सूज आणि मॅक्युला पूर्ण निवांत असतील तेव्हाच, विचार करून.

उलट प्रेशर फार उतरणं, पाच-सहाच्या खाली जाणं, हे कमी बोललं जातं आणि जास्त वाईट आहे. पाणी तयार करणारी सिलिअरी बॉडी सुजेनं थकली की असं होतं. ‘प्रेशर कमी आहे, छान’ असं समजून घरी जाऊ नका.

प्रश्न : पाच महिन्यांनी परत धूसर दिसू लागलं. भिंगामागे जाळी आली म्हणतात. एवढ्या लवकर कशी? लेझर लगेच करावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भिंग ज्या पारदर्शक पिशवीत बसवतात तिच्या कडेला काही पेशी उरतात. त्या मागच्या भिंतीवर पसरल्या की जाळी. सूज असलेल्या डोळ्यात त्या लवकर वाढतात, आणि तरुण वयात आणखी लवकर. पाच महिने आश्चर्याचे नाहीत.

लेझर सोपं आहे. थेंबानं बधिर करतात, डोळ्यावर एक भिंग टेकवतात, आणि काही मिनिटांत मागच्या भिंतीला तीन-चार मिलिमीटरची खिडकी पडते. घाई मात्र करू नये. सुजलेल्या डोळ्यात लेझर केलं तर सूज वाढते, मॅक्युलाला पाणी सुटतं. जाळीमुळे कामच अडत नसेल तर डोळा दोन-तीन महिने शांत राहिलेला असावा, आणि ओसीटी आधी काढावा. जाळीआड सुजलेला मॅक्युला असेल तर लेझरनं नजर सुधारणार नाही आणि दोष लेझरच्या माथी जाईल. लेझरनंतर तासाभरानं प्रेशर मोजून घ्या, आठवडाभर स्टिरॉइडचे थेंब टाका. काळे ठिपके एकदम वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी पडद्याचे डॉक्टर गाठा.

प्रश्न : बाहुली गोल नाही, चिंचोळी झालीय, आणि नव्या भिंगावर पांढरट ठिपके आहेत. (एक वाचक, अकोला)

उत्तर : बाहुलीचा आकार बऱ्याचदा जुन्या चिकटण्यांचा असतो. त्या सोडवताना, हूक किंवा रिंग घालून बाहुली ताणताना तिची कड थोडी फाटते. दिसण्यापलीकडे त्रास नसेल तर सोडून द्या. उन्हात डोळे दिपत असतील तर गडद चष्मा. ऑपरेशननंतर आकार नव्यानं बदलत असेल तर मात्र आयरिस भिंगाला चिकटतेय, आणि बाहुली हलती ठेवणाऱ्या थेंबांची गरज आहे. ठिपके म्हणजे भिंगावर बसलेल्या सुजेच्या पेशी. त्या वाढताहेत म्हणजे डोळा पूर्ण शांत नाही. स्टिरॉइड वाढवल्यावर त्या बहुधा विरतात.

प्रश्न : डोळ्याच्या क्षयासाठी गोळ्या चालू आहेत. चार महिने झाले. मोतीबिंदू मध्येच काढता येईल? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कोर्स बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि तो संपल्यावर ऑपरेशन करणं सोयीचं पडतं. पण निकष पुन्हा तोच, शांत डोळा. क्षयाच्या डोळ्यात दोन गोष्टी वेगळ्या. रिफाम्पिसिनमुळे यकृत प्रेडनिसोलोन भराभर मोडून टाकतं, त्यामुळे नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो. डोळ्याच्या डॉक्टरांना आणि छातीच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. दुसरी गोष्ट एथाम्ब्युटॉल. ते क्वचित डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं. मोतीबिंदू काढूनही नजर आली नाही आणि पडदाही सपाट असेल, तर एक घरगुती तपास : लाल रंगाचं झाकण आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं बघा. एका डोळ्याला ते मळकट किंवा विटकरी दिसलं तर लगेच कळवा. दोन्ही नसांवर सारखाच परिणाम झाला असेल तर फरक जाणवणार नाही, म्हणून रंगांची तपासणी दवाखान्यातही करून घ्या. आणि सुजेसाठी अडालिमुमॅबचं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन कुणी सुचवलं तर त्याआधी क्षयाची चाचणी झालीच पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. लहानपणापासून गुडघ्याचा संधिवात, डोळ्यात सूज, आता दोन्हीकडे मोतीबिंदू. डोळे कधीच लाल झाले नाहीत, त्यामुळे आम्हाला कळलंच नाही. (एक आई, पुणे)

उत्तर : स्वतःला दोष देऊ नका. मुलांच्या संधिवातातल्या युव्हीआयटिसमध्ये डोळा पांढराशुभ्र राहतो, म्हणूनच अशा मुलांची लक्षणं नसतानाही नियमित, बऱ्याच जणांची दर तीन महिन्यांनी, स्लिट लॅम्प तपासणी करतात.

मुलीच्या बाबतीत ऑपरेशनपेक्षा त्याआधीचं वर्ष महत्त्वाचं. मेथोट्रेक्सेट आणि गरज पडल्यास अडालिमुमॅब यांनी सूज दाबून ठेवता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिकॅमोर’ चाचणीत नुसत्या मेथोट्रेक्सेटवरच्या ६० टक्के मुलांत उपचार फसले, अडालिमुमॅब जोडलेल्यांत २७ टक्के. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं, तेव्हा वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा आणि घरातल्या दोन माणसांना माहीत असू द्या.

भिंग बसवायचं की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पूर्वी अशा मुलांत भिंग टाळत. आता औषधांनी सूज पूर्ण आटोक्यात असेल तर बसवतात, नसेल तर भिंगाशिवाय ठेवून कॉन्टॅक्ट लेन्स देतात. दुसरा निर्णय मागे पडण्याचा नाही, नंतर भिंग बसवता येतं. या वयात जाळी इतकी खात्रीनं येते की पिशवीची मागची भिंत ऑपरेशनमध्येच उघडतात. नंतर आळशी डोळ्यासाठी पट्टीचा कार्यक्रम, आणि शाळेतल्या बाईंना सांगून पहिल्या बाकावर जागा.

प्रश्न : चष्मा नकोच, मल्टिफोकल भिंग बसवू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नको. मल्टिफोकल भिंग उजेड वाटून देतं. मॅक्युला उद्या सुजला किंवा त्यावर पातळ पापुद्रा आला तर अर्ध्या उजेडात वाचायची वेळ येते. पाण्याशी सलगी न करणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचं, चौकोनी कडेचं, एका अंतराचं घडीचं भिंग घ्या, ते पिशवीतच बसवलेलं हवं. सिलिकॉनचं टाळा. गंमत अशी की भिंग बसवण्याची कल्पनाच डोळ्याच्या सुजेच्या निरीक्षणातून आली : महायुद्धात विमानाच्या फुटलेल्या अ‍ॅक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही सूज येत नाही, हे हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी पहिलं भिंग बसवलं. सुरुवातीच्या रुग्णांत सूज आणि भिंग सरकण्याच्या तक्रारी तरीही होत्याच.

प्रश्न : डोक्यावरून आंघोळ कधी? काजळ? चष्म्याचा नंबर? (अनेक वाचक)

उत्तर : दोन आठवडे गळ्याखाली आंघोळ, केस दुसऱ्यानं मागे झुकवून धुवावेत. काजळ महिनाभर नाही. गुलाबपाणी, मध, दूध कधीच नाही. चष्म्याचा नंबर साध्या डोळ्यात महिना-दीड महिन्यानं काढतात. तुमच्यात मॅक्युला सपाट असल्याची खात्री झाल्यावर, नाहीतर दोनदा पैसे जातात.

पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, नजर एकदम उतरली, पापणी सुजली किंवा बाहुलीसमोर पांढरी रेघ साचली, तर तो जंतुसंसर्ग समजूनच चालायचं. ‘माझी जुनीच सूज असेल’ म्हणून घरी थेंब वाढवत बसू नका. डोळ्याच्या आत प्रतिजैविकं द्यावी लागतात आणि तिथे प्रत्येक तास मोजला जातो.

प्रश्न : मला आधी कधीच युव्हीआयटिस नव्हता. मोतीबिंदू काढून सात महिने झाले. दर दीड महिन्यानं डोळा लाल होतो, थेंबांनी बरा होतो, थांबवले की परत. आता मलाही युव्हीआयटिसचा रुग्ण म्हणतात. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तुमचं पत्र उलट्या टोकाचं आहे, म्हणून शेवटी घेतलं. अशा वेळी दोन संशयित. एक, भिंगाचा पाय पिशवीबाहेर राहून आयरिसला घासत असेल. तेव्हा सूज, प्रेशर आणि डोळ्यात थोडं रक्त, असं त्रिकूट दिसतं. आयरिसवर पाठीमागून उजेड टाकला की घासल्याची फट चमकते, आणि पुढच्या भागाची सोनोग्राफी भिंगाचा पाय दाखवते. उपाय भिंग हलवण्याचा किंवा बदलण्याचा.

दुसरा संशयित जास्त लबाड. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा त्वचेवरचा संथ जंतू पिशवीच्या घडीत अडकून बसतो. महिनोन्महिने थोडीथोडी सूज देतो, स्टिरॉइडनं काही काळ गप्प बसतो, आणि प्रत्येक वेळी थोडा लवकर परत येतो. बाहुली पूर्ण मोठी करून पिशवीच्या कडेला पांढरा थर शोधावा लागतो. छोट्या बाहुलीतून तो दिसत नाही. डोळ्यातलं पाणी आणि पिशवीचा तुकडा तपासायला पाठवतात. प्रयोगशाळेला नमुना दोन आठवडे ठेवायला सांगावं लागतं, कारण हा जंतू हळू वाढतो आणि नेहमीच्या दोन-तीन दिवसांत अहवाल ‘निरंक’ येतो. व्हॅन्कोमायसिन डोळ्यात देऊन भागलं नाही तर पिशवी, कधी भिंगही, काढावं लागतं.

तपासणीला जाताना ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं भिंगाचं कार्ड न्या. त्यावर मॉडेल, नंबर आणि तारीख असते, आणि एका तुकड्याचं भिंग की तीन तुकड्यांचं हे मॉडेलवरूनच कळतं. पाकिटात घासून त्या लेबलवरची शाई उडते, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.